आपा, तुझं उत्तर राहून गेलं

जैबुन आपा,

अनिसचा फोन आला तेव्हा मी पौर्णिमाच्या गळ्यातल्या नळीतून कफ ओढत होते. ते काम मधेच सोडता येत नाही. फोन बाजूच्या टेबलावर वाजत राहिला. मी नळी साफ केली, श्वासाचं मशीन पुन्हा जोडलं, पोरीची छाती नीट वर येते आहे ना ते पाहिलं, हात धुतले आणि मग बाहेर जाऊन तुझ्या लेकाला फोन लावला. "काकू, अम्मी गेली," तो म्हणाला. चहा ठेवायला उठली होतीस म्हणे. गॅसजवळच्या पाटावर बसलीस ती बसूनच राहिलीस. त्यावर मी काय बोलले माहीत आहे? "आत्ताच? अरे, आत्ताच कशी गेली?" तू मला विचारून जायला हवं होतंस, असं वाटलं मला. अजूनही वाटतं. जायचंच होतं तर पोरगी घरी येईपर्यंत तरी थांबायचं होतंस.

तुझ्या मातीला मी आले नाही. असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजनंतर तुला नेणार होते, आणि यवतमाळहून पांढरकवड्याला यायचं तर एसटीचा काही भरवसा नाही. पण खरं कारण एसटी नाही. पोरीजवळून मला उठायचं नव्हतं. पोरीच्या बापाला, विलासला पाठवलं. जावई आल्यासारखं पुढे घेऊन तुझ्या माणसांनी त्याला खांदा द्यायला लावलं, मूठभर माती टाकायला लावली. परत आला तो दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. ट्रक चालवणारा माणूस, हैदराबादपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलत जाणारा. त्या दिवशी तो नुसता नखातली माती काढत बसला.

मला रडूही नीट आलं नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत असते ना. हलता येत नाही, बोलता येत नाही, नुसतं बघत असते. तोंड धुऊन, पदर सारखा करून मी आत गेले आणि तिचे पाय चोळत बसले. म्हणून हे लिहिते आहे. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण मला झोपू देत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे.

किती भांडलो आपण! भिंतीला भिंत लागून आपली घरं, आणि मधल्या भिंतीवरून वाट्या इकडच्या तिकडे जायच्या तशी भांडणंही जायची. मी अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळायची आणि माझी पोरगी तुझ्या ओसरीवर वाढायची. तिचे दात तुझ्याकडे आले, ती चालायला तुझ्या ओढणीला धरून शिकली. पहिल्यांदा बोलली तेव्हा "आई" आधी "आपा" म्हणाली, आणि हे तू आख्ख्या मोहल्ल्याला सांगत फिरलीस. त्याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला होता, आता सांगायला हरकत नाही.

पण आपलं खरं भांडण देवावरून. माझ्या आज्याने घरचे देव फडक्यात बांधून पैनगंगेत सोडले, त्याला आता दोन पिढ्या उलटल्या. आमच्या घरात कुणापुढे हात पसरायचा नाही ही शिकवण. रविवारी विहारात वंदना करायची, ती मागण्यासाठी नाही, वागण्यासाठी, असं माझे वडील सांगायचे. तुला हे काही केल्या पटायचं नाही.

"मंग अडचणीत तुमी लोकं कोणाले आवाज देता व?" तू विचारलंस एकदा, वाल सोलता सोलता.

"डॉक्टरले," मी म्हटलं.

"अन डॉक्टरच अडचणीत आला तं?"

"तं तो दुसऱ्या डॉक्टरले बलावते."

तू इतकी हसलीस की सूप कलंडलं आणि वाल ओसरीभर झाले. वेचताना म्हणालीस, "माहा डॉक्टर एकच हाय बाप्पा. त्याची फक्त लाइन मोठी हाय."

त्या लाइनीत मीही उभी राहीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पौर्णिमाला आधी पायाला मुंग्या आल्या. मग उंबऱ्यात पडली. आम्हाला वाटलं कॉलेजच्या परीक्षेचं जागरण, अशक्तपणा. तू तिचे पाय मोहरीच्या तेलाने चोळून दिलेस. संध्याकाळपर्यंत तिला उठून बसता येईना, आणि यवतमाळला पोहोचेपर्यंत थुंकी गिळता येईना. नसांचा आजार, डॉक्टर म्हणाले. अंगातलीच ताकद उलटून अंगाच्या नसांवर चाल करून जाते. इंजेक्शनं झाली, तोंडातून नळी झाली, मग गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली. सगळं समजतं तिला, आपा. दुखतं तेही समजतं. फक्त डोळे आणि पापण्या हलतात. आणि मोठे डॉक्टर एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आम्हाला जे द्यायचं ते देऊन झालं. आता नसा आपल्या वेळेने भरून येतील. वाट बघायची." मी विचारलं, किती? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी विचारलं, नक्की भरून येतील? त्यावर ते पुन्हा म्हणाले, "वाट बघायची."

डॉक्टरकडे दुसरा डॉक्टर नव्हता. तुला हे सांगितलं, आणि तू मला चिडवलं नाहीस. त्यापेक्षा चिडवलं असतंस तर बरं झालं असतं.

मग तू यायला लागलीस. गुडघे धरून एसटीच्या पायऱ्या चढायचीस, डब्यात ज्वारीची भाकरी अन् भरीत आणायचीस, आणि घरून दुआ पढून फुंकलेलं पाणी बाटलीत. पोरीला पाण्याचा थेंबही चालत नव्हता. तर तू ओढणीचा कोपरा त्या पाण्यात भिजवून तिचे तळपाय पुसायचीस. सिस्टर ओरडली, "आजी, बाहेरचं पाणी आत नको." तू म्हणालीस, "बेटा, पाय तं बाहेरचेच असते ना." त्या सिस्टरने मग बाटली दिसली की मान फिरवायला सुरुवात केली. नंतर तू व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याच्या बाजूला चादर अंथरून बसायचीस. नमाज झाली तरी उठायची नाहीस. ओठ हलत राहायचे. लोक तुझ्या बाजूने स्ट्रेचर न्यायचे, एक बाई तुझ्या पायाशी उलटी करून गेली, तू सरकलीस फक्त. मला चीड यायची. डोळ्यांनी बघत होते की काही होत नाहीये, आणि ही बाई आपली बसलेली. चीड यायची आणि तू दिसली नाहीस की जीव खालीवर व्हायचा.

मी कपडे न्यायला घरी आले त्या दिवशी तू मोहल्ल्यातल्या बायका गोळा केल्या होत्यास. मोठं संकट आलं की तुमच्यात कुराणातली एकच ओळ, एकच आयत सगळ्यांनी मिळून पढायची, मोजदादीला चिंचोके घ्यायचे, एकदा पढलं की एक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात. माशाच्या पोटात अडकलेल्या युनुस पैगंबरांनी अंधारातून केलेली ती दुआ, असं तू मला समजावलंस. सतरंजीवर चिंचोक्यांचा हा एवढा ढीग. माझ्या पोरीसाठी इतक्या बाया घरची कामं टाकून बसलेल्या पाहून मला कुठे बघावं कळेना. तू म्हणालीस, "बस. तुले पढता येत नाही तं तू हाय तशी बस."

मी बसले. चहा झाला. बाया पाय मोकळे करायला उठल्या. आणि मी काय केलं? अंगणवाडीची सवय. खेळ संपला की मणी, ठोकळे गोळा करून डब्यात भरायचे. मला वाटलं, झालं आता. दोन्ही ढीग ओंजळीने एकत्र केले आणि पिशवीत भरून पिशवीला गाठ मारली. बाया परत आल्या तर सतरंजी साफ. हलीमाभाभीने कपाळावर हात मारला. "हाय अल्ला, सुनंदाताई! पढेल कोणते अन् बिनपढेल कोणते?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीसाठी चाललेलं एक काम, तेही मीच मातीत घातलं. मी रडायला लागले तर तू पिशवीची गाठ सोडलीस आणि सगळे चिंचोके पुन्हा सतरंजीवर ओतलेस.

"रडून कायले राह्यली? पयल्यापासून घेऊ. पोरगी बी पयल्यापासूनच श्वास शिकून राह्यली."

कुणी कुरकुरलं नाही. दिवस कलेपर्यंत तुम्ही पढत होतात. मला तुझा तो दिवस विसरता येत नाही, आणि त्याच दिवसामुळे माझा राग पुढे जास्त भडकला. कारण मी आशा धरली. ज्या बाईने आयुष्यात असली आशा धरली नव्हती तिने चिंचोके बघून धरली.

त्यानंतर मशीन काढून बघायचं ठरलं. थोडा वेळ काढायचं, पोरगी स्वतः श्वास घेते का बघायचं. तू पहिल्या गाडीने आलीस. मी काचेतून बघत होते. तिने घेतला, आपा, दोन-चार वेळा घेतला. मग तिचे डोळे मोठे झाले, ओठ निळे पडले, डॉक्टर धावले, मशीन पुन्हा लागलं. "होतं असं, पुन्हा प्रयत्न करू," ते म्हणाले. मी बाहेर आले तर तू चादरीवर बसलेली आणि तुझे ओठ हलताहेत.

मग जे बोलले ते बोललेच. "बंद कर तुहं ते पुटपुटणं. कोण ऐकून राह्यलं? तो माशाच्या पोटातला युनुस सुटला म्हणते ना? तुहा युनुस सुटला काय?"

युनुस, तुझा थोरला लेक. वडकीजवळ ट्रक उलटला तेव्हा अनिस शाळेत होता. तू याच दवाखान्याच्या जुन्या इमारतीत अशीच बसली होतीस, आणि तुला रिकाम्या हाताने परत यावं लागलं होतं. मला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. दुसऱ्या कुणाला मी हा प्रश्न विचारू शकले नसते, आणि प्रश्न खोटा नव्हता. आजही मी तो मागे घेत नाही.

तू ओठ थांबवलेस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "नाही सुटला. पण युनुस गेला तवा मी मेली नाही, सुनंदे. मराले पाहिजे होतं. मेली नाही. ते कोणाच्या जोरावर, सांग?"

"मले तो जोर नको," मी ओरडले. व्हरांड्यातले सगळे बघायला लागले. "मले माही पोरगी पाहिजे! पोरगी गेल्यावर जिवंत राहाचा जोर घेऊन मी काय करू? कोणाले पाहिजे असला जोर?"

काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. तेवढ्यात अनिसने खालून आवाज दिला, शेवटची गाडी लागली म्हणून. तू चादर झटकलीस, घडी केलीस, भिंतीला धरून उठलीस. माझ्या गालाला हात लावलास. "पुढच्या खेपेले सांगीन," म्हणालीस.

पुढची खेप आलीच नाही. काय सांगणार होतीस? मी रोज तुझ्या वतीने उत्तरं बनवते आणि रोज खोडते. "अल्लाची मर्जी" एवढंच म्हणणार असशील तर ते मला नको होतं. पण तू तेवढं म्हणणारी नव्हतीस. तोंड उघडताना तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडं हसूही होतं. मला वाटतं तुझ्याकडे उत्तर होतं. इतक्या वर्षांत कामाचं एक उत्तर असेल तर ते होतं, आणि ते घेऊन तू गॅसपाशी बसल्या बसल्या निघून गेलीस. माझा जीव तुटतो तो याने. माणसं मरतात, मला कळतं. पण माझ्यासाठी मागणारं जगात एकच माणूस होतं. मी मागत नव्हते, मला गरज नव्हती, कारण पलीकडच्या घरात तू मागत होतीस. हे मला तू गेल्यावर कळलं. आता त्या टोकाला जिन्याजवळ कुणी बसत नाही. तिथे सफाईवाल्याने बादली ठेवली आहे. मी येता-जाता त्या बादलीकडे बघते आणि मला वाटतं आता पोरीच्या बाजूने कुणीच नाही. डॉक्टर आहेत, विलास आहे, मी आहे. तरी कुणीच नाही.

पौर्णिमाला मी सांगितलं नव्हतं. कसं सांगू? तिला ओरडून रडताही यायचं नाही. आम्ही दोघी अक्षरांच्या तक्त्यावर बोलतो, माझ्या अंगणवाडीतला तो चित्रांचा तक्ता. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत जाते, हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटते, मग काना-मात्रा विचारायची. एक शब्द व्हायला चांगला वेळ लागतो. तिने "आपा" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "गुडघे लय दुखून राह्यले तिचे. येईन." पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पावसाने रस्ता खराब आहे. आकाश कोरडं ठणठणीत होतं आणि तिच्या खाटेसमोर खिडकी आहे.

काल दुपारी तिने डोळ्यांनी तक्ता मागितला. मी बोट फिरवत गेले. "आपा गेली."

मी म्हटलं, "काहीतरीच. कोणं सांगतलं तुले?"

कोणी नाही, असं तिने डोळे फिरवून सांगितलं. मग पुन्हा तक्ता. मी बोट ठेवत गेले. "तू पुटपुटते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मी? मी कुठं? तिने डोळे मिटले, म्हणजे हो. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आपा. तिचे पाय चोळताना, कफ ओढताना, नुसती बसलेली असताना माझे ओठ हलत असतात म्हणे. तिने ते पाहिलं आणि पडल्या पडल्या हिशोब लावला: आपा असती तर आई कशाला पुटपुटली असती?

मी विचारलं, "काय म्हणतो मी?" तिने अक्षर अक्षर करून सांगितलं. "घे माय घे."

एवढंच. ना तुमचं, ना आमचं. श्वास घे, माय, घे. कुणाला म्हणते मी ते? पोरीला म्हणते की पोरीच्या पलीकडे कुणाला? मला ठाऊक नाही. मी हात पसरलेला नाही असं वडिलांना सांगता येईल. पण तुझ्यासमोर खोटं कशाला बोलू, आतून सगळी पसरलेली आहे.

मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुझ्यासाठी. ते कानापर्यंत ओघळत गेलं, कारण तिला पुसता येत नाही. मी पुसत राहिले आणि मीही रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडले. सिस्टरने पडदा ओढून दिला. रडणं ओसरल्यावर पोरीने पुन्हा तक्त्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल, कधी गेली, कशी गेली. मी बोट ठेवत गेले. "थांबू नको."

म्हणून थांबलेले नाही. आता लाज सोडून, ऐकू येईल असं म्हणते. खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा मला विचारून गेला, बाई, हा कोणता मंत्र? मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

तुझा तो जोर यालाच म्हणत असशील तर त्याने माझी भीती काही कमी झालेली नाही. फक्त भीतीसकट बसता येतं. तुला एवढंच सांगायचं होतं का? की आणखी काही होतं?

उद्या सकाळी पुन्हा मशीन काढणार आहेत. या वेळी मला आत उभं राहू देणार, सिस्टरने डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आपा, मला फार भीती वाटते. तिचे ओठ निळे झालेले मला पुन्हा बघवणार नाहीत. तू पोहोचली असशील तिथे, आणि लाइन मोठी असेल तरी तू घुसली असशील पुढे, मला तुझा स्वभाव माहीत आहे. त्याला माझी ओळख नाही. तू करून दे. सांग त्याला, ही सुनंदा, शेजारीण, भांडकुदळ आहे, मागायचं कसं ते तिला येत नाही. पोरीला श्वास दे म्हणावं.